मोगलाईतला इंग्रजीचा मास्तर

आखाती देशांत नव्याने गेलेल्या तरुणांची पत्रे त्यांच्या वृद्ध मातापित्यांना वाचून दाखवण्याचा प्रसंग आमच्या वाट्याला अनेकदा आला. त्या पत्रांतून एक गोष्ट ध्यानात येई. परक्या मुलखात माणसाला खुपतात त्या लहानसहान गोष्टी. शुक्रवारी सुटी आणि रविवारी काम, पैसे घरी धाडताना होणारा हिशेब, कचेरीतल्या कागदावरची न वाचता येणारी लिपी आणि ‘तू इथला नव्हेस’ याची पदोपदी होणारी जाणीव.

परंतु असा परदेश गाठण्यासाठी एके काळी समुद्र ओलांडावा लागत नसे. मनमाडला गाडी बदलली की पुरे होई. आज परभणी जिल्ह्यात असलेले सेलू हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पुण्याकडची माणसे त्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. या मोगलाईत इंग्रजी शिकवण्यासाठी गेलेल्या शिक्षकाचे दैनंदिन जीवन कसे असे, ते येथे पाहू. कुणा एका व्यक्तीचे हे चरित्र नव्हे. त्या काळच्या रीती, कायदे आणि व्यवहार यांवरून उभे राहणारे हे चित्र आहे.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. औरंगाबाद, जालना, परतूर अशी स्थानके मागे टाकीत गाडी सेलूला येई. सभोवार काळ्या मातीची कपाशीची शेते, जवळच दुधना नदी. फलाटावर उतरणाऱ्या तरुणाच्या कानी मराठीच पडे. भाकरी तीच, विठोबा तोच. राज्य मात्र दुसरे.

पहिला धडा मिळे तो पैशाचा. संस्थानात निजामाचा हाली सिक्का चाले. त्यावर चारमिनारचे चित्र असे. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपयांना साधारणपणे सहा कलदार मिळत. म्हणजे मास्तरांच्या हाती सत्तर रुपये पडले, तर पुण्यातील आईच्या दृष्टीने ते साठच होते. आईला खुशालीचे पत्र धाडावे, तर निजामाच्या टपालाचे तिकीट संस्थानाबाहेर चालत नसे. त्यासाठी इंग्रजी टपालाचेच तिकीट लागे. बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थानाची जकात असे. तिला ‘करोडगिरी’ म्हणत.

दुसरा धडा कालगणनेचा. सरकारी कागदावर फसली सन असे. इसवी सनातून ५९० वजा करून तो काढावा लागे आणि त्याचे नवे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी वळणाची. सरकारी कचेऱ्यांची सुटी शुक्रवारी. जिल्हाधिकारी म्हणजे ‘अव्वल तालुकदार’ आणि शिक्षण खात्याचे अधिकारी म्हणजे ‘मोहतमीम तालीमात’. इंग्रजी साहित्य वाचून पदवीधर झालेला हा मनुष्य अर्जाचा उर्दू कागद हाती घेतल्यावर मात्र निरक्षर ठरे. तो वाचून घेण्यासाठी कुणा कारकुनाकडे किंवा आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याकडे त्याला जावे लागे.

वर्गात तर याहून गुंतागुंतीची परिस्थिती असे. १९३१ च्या खानेसुमारीप्रमाणे संस्थानातील दर शंभर माणसांमध्ये सुमारे ४८ तेलुगू, २६ मराठी, ११ कन्नड आणि १० उर्दू बोलणारी होती. तरीही राज्यकारभाराची व सरकारी माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. उर्दूचा द्वेष करण्याचे येथे काहीच कारण नाही. १९१८ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने पदवीपर्यंतचे सर्व विषय एका भारतीय भाषेत शिकवण्याचा धाडसी प्रयोग केला आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर खाते उभारून ग्रंथ सिद्ध केले. हा प्रयोग थोर होता. परंतु ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरातली नव्हती, हेच त्याचे दुखणे होते.

त्यामुळे मराठवाड्यातला शेतकऱ्याचा मुलगा तीन लिप्यांशी झुंजत असे. घरची देवनागरी, दरबारची उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू आणि मास्तरांची इंग्रजी. मात्र इंग्रजीच्या तासाला एक विलक्षण गोष्ट घडे, असे आम्हांस वाटते. इंग्रजी ही उस्मानियातही सक्तीची होती, पण ती त्या वर्गातील कोणाच्याच घरची नव्हती. मोहल्ल्यातला मुसलमान मुलगा आणि वाड्यातला देशमुखाचा मुलगा या तासापुरते सारखेच परके होत, आणि शिकवणारा तर परकाच होता. तेथे कोणाच्याही जन्माने त्याला अधिक गुण मिळत नसत. मात्र या समतेची किंमतही होती. ज्या भाषेत मुलगा स्वप्ने पाही, ती मराठी फळ्यावर फारशी दिसतच नसे.

मग एवढा खटाटोप करून हे शिक्षक तेथे जात कशासाठी? पोटासाठी, हे पहिले उत्तर. संस्थानात पदवीधर थोडे होते आणि खाजगी शाळांना त्यांची निकड होती. सरकारी नोकरीची वाट ‘मुलकी’ नियमाने अडवली होती. बाहेरच्या माणसाला मुलकी ठरण्यासाठी संस्थानात निदान पंधरा वर्षे वास्तव्य करावे लागे आणि ‘मूळ गावी परत जाण्याचा विचार मी सोडला आहे’ असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. पोटासाठी बाहेर पडलेल्या कोणत्याही मुलाला हे वाक्य लिहिताना काय वाटेल, ते वाचकांनीच ताडून पाहावे.

दुसरे उत्तर ध्येयाचे. संस्थानाबाहेर जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले गेले. १९३५ पासून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत होते. १९३८ मध्ये शाळा सोडून ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याआधी १९३७ मध्ये सेलूच्या शेजारच्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते. अशा दिवसांत बाहेरून आलेल्या प्रत्येक मास्तराकडे सरकार संशयाने पाहू लागले, तर नवल नव्हते. सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची करणारी ‘गश्ती निशाण ५३’ लागू होतीच. स्नेहसंमेलनातले भाषणही तोलूनमापून करावे लागे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. मास्तर जागचे हलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा परदेश नाहीसा झाला. पुढे हाली सिक्का गेला, फसली सन गेला, १९५६ मध्ये संस्थानच विभागले गेले आणि १९६० मध्ये मराठवाडा महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. १९९० च्या दशकात मीटरगेजही गेली. सेलूकर आज ज्या शाळांचा अभिमान बाळगतात, त्यांच्यामागे स्थानिकांची दानत तर आहेच. पण अशा कितीतरी अनाम आगंतुकांचे कष्टही आहेत.

तथापि परकेपणाची भावना राजवटीबरोबर मावळली नाही. १९५२ मध्ये वरंगळ व हैदराबाद येथे विद्यार्थी पुन्हा ‘गैरमुलकी परत जा’ म्हणून रस्त्यावर आले. स्थानिकांच्या नोकऱ्या बाहेरच्यांनी घेतल्या, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. तरीही घोषणा ऐकणाऱ्यांत एखादा वृद्ध शिक्षक असेलच. त्याची पंधरा वर्षे केव्हाच भरली असतील, प्रतिज्ञापत्रही लिहून झाले असेल.

आमची मुले परक्या देशांत जातात, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना आपले म्हणावे अशी आमची इच्छा असते. आमच्या गावच्या शाळेत परप्रांतातून नवी शिक्षिका आली, तिचे मराठी अडखळू लागले, की मात्र आम्ही हसतो. सेलूच्या त्या मास्तरांनाही सरकारी कागद कुणीतरी वाचून दाखवला असेल, कुणीतरी शुक्रवारी जेवायला बोलावले असेल. परका मनुष्य मुलकी होतो तो अशा शेजारामुळे. पंधरा वर्षांची अट ही केवळ सरकारची सोय असते.