तिसरा आठवडा

आमच्या यवतमाळकडे कुणाचे पाय लुळे पडले की माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग तेल, लेप, अंगारा. पण काही पायांचं दुखणं वाऱ्याचं नसतं, विषाचं असतं.

अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लोक आल्याचा अर्क दारू म्हणून पीत. १९३० साली त्यात ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट नावाचं रसायन मिसळलं गेलं अन् हजारोंचे पाय गेले. १९५९ मध्ये मोरोक्कोत खाण्याच्या तेलात विमानाच्या इंजिनाचं तेल मिसळून विकलं. सुमारे १०,००० माणसं लुळी झाली. १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलानं तेच केलं. हे रसायन अन् आपली कित्येक फवारणीची औषधं एकाच ऑरगॅनोफॉस्फेट घराण्यातली. सगळीच असं करत नाहीत. पण क्लोरपायरीफॉससारखं औषध जास्त प्रमाणात पोटात गेलं तर करू शकतं.

नव्वदच्या दशकात आमच्या सालदारानं हे भोगलं. पऱ्हाटीवर मारायचं औषध कुणीतरी दारूच्या चपटीत काढून ठेवलेलं. अंधारात त्यानं घोट घेतला. तोंडाला फेस आला, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली. अ‍ॅट्रोपिननं जीव वाचला. आठ दिवसांनी घरी आला तेव्हा गावानं नारळ फोडला.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पोटऱ्या वळू लागल्या, तळव्यांना मुंग्या आल्या. मग म्हणाला, "भाऊ, चप्पल पायात राह्यत नाही, अन् गेली तं समजतबी नाही." पाऊल खाली लोंबू लागलं. घरच्यांनी वारंच धरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "महिनाभरात काही विषारी पोटात गेलं होतं काय?" त्यांनी समजावलं, की विष आधी लांबलचक नसांची टोकं मारतं, म्हणून सुरुवात पायापासून. अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं, हे थांबवत नाही. यावर उतारा नाही. व्यायाम अन् पावलाला आधाराची पट्टी, एवढंच हाती. पुढं तो चालायचा, पण चिखलातून चालल्यासारखा गुडघा उंच उचलून. वखर धरणं सुटलं अन् त्यासोबत सालही.

२०१७ च्या फवारणीत आमच्या जिल्ह्यात शेकडो माणसं दवाखान्यात गेली, वीसेक दगावली. मेलेल्यांची गणती झाली. घरी परतलेल्यांना सगळे 'बरा झाला' म्हणतात. महिन्यानं पाय ओढू लागलेला माणूस कोणत्या यादीत बसतो?

म्हणून विषबाधेतून घरी आलेल्या माणसाचा दवाखान्याचा कागद अन् औषधाच्या डब्याचं लेबल जपून ठेवावं. कॅलेंडरवर तारखेला खूण करावी अन् महिनाभर त्याच्या पावलांकडे लक्ष द्यावं.