टेलिफोनघरातून मिरवणुकीत

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या तालमींच्या वस्तीत मिरवणुकीची वाद्यं म्हणजे मूळची हलगी, घुमकं आणि कैताळ. बेंजो त्या मानानं कालचा पाहुणा. नाव अमेरिकेतल्या बँजोचं घेतलेलं असलं तरी हे वाद्य त्या घराण्यातलं नाहीच. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोया इथे गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ बनवलं आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि पिकअप लावून कर्ण्याला जोडल्यावर महाराष्ट्राच्या रस्त्यावर त्याचाच बेंजो झाला. त्याचा आणि पिकअपवाल्या अकूस्टिक गिटारचा हमखास दगा देणारा भाग एकच, तो म्हणजे वायरची पिन जिथे शिरते तो जॅक. आवाज खरखरतो, मध्येच जातो, पिन जरा हलवली की परत येतो. याचा दोष वाजवणाऱ्याच्या धसमुसळेपणाला किंवा स्वस्त मालाला दिला जातो. माझ्या मते तो जॅकच्या कुळकथेत आहे: हा भाग दुसऱ्या धंद्यातून उसना आला आणि वाद्याच्या अंगात त्याच्यासाठी नीट जागा कुणी फारशी केलीच नाही.

पाव इंची जॅक हे टेलिफोन एक्स्चेंजचं अपत्य. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ मध्ये ती सोय आली. पुढे या एक्स्चेंजांतून जे बोर्ड रुळले त्यांच्यावर जॅकच्या रांगा असत आणि ऑपरेटर समोर बसून पिन सरळ आत घाली, सरळ बाहेर काढी. बोर्ड जागचा हलत नसे आणि दोरीवर कुणाचा पाय पडत नसे. तोच जॅक पुढे वाद्यावर आला तेव्हा त्याच्या वाट्याला नाचणारा माणूस, हिसका देणारी वायर आणि धक्के खाणारी गाडी आली. बेंजोत टाइपरायटर आणि टेलिफोन ही कचेरीतली दोन यंत्रं एकत्र नांदतात, पण बटणं तारेच्या मापानं नव्यानं घडवली गेली. जॅक मात्र बाजारातून आणला आणि भोक पाडून बसवला.

यावर साधा आक्षेप असा की जॅक धरणारा नट सैल झाला तर तो आवळावा, त्यासाठी इतिहास कशाला? पण बाहेरून नुसता नट फिरवला की आतला जॅकही सोबत फिरतो, त्याच्या वायरींना पीळ बसतो आणि एक दिवस डाग सुटतो. नट घट्ट दिसतो, वाद्य मुकं होतं. म्हणून जाणता कारागीर आधी गिटारच्या तोंडातून हात घालून जॅक धरतो, आतला नट योग्य आट्यांवर आणतो, त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये दातेरी वॉशर आहे का ते बघतो आणि मगच बाहेरून पाना लावतो. पट्ट्याच्या खुंटीतच जॅक असेल तर त्याच्या टोकाला आडवं छिद्र असतं. त्यात खिळा अडकवला की तो फिरत नाही. या कामाला पाच मिनिटं पुरतात, पण काय धरायचं हे ठाऊक नसेल तर तीच पाच मिनिटं वाद्य बिघडवतात. सरस किंवा फेविक्विक ओतणं हा तर पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद करणं.

स्वस्त मालाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पातळ पत्र्याचा जॅक लवकर ढिला पडतो. पण फेंडरची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार काही स्वस्त नव्हती, लाकूडही भरीव होतं. तरी तिचा जॅक धरणारी वाटी लाकडात रुतणाऱ्या पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली, आणि ती सैल होते ही तक्रार जुनीच आहे. याच कंपनीनं १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला जॅकसाठी पत्र्याची वेगळी खोलगट तबकडी दिली आणि ती स्क्रूनं जखडली. अकूस्टिक गिटारची बाजू तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. म्हणून शहाण्या कारागिरांनी जॅक मागच्या टोकाला नेला, जिथे आत जाड ठोकळा असतो. अर्थात पट्टा आणि वायर या दोघांचा भार मग एकाच जागी येतो, पण निदान धरायला लाकूड तरी मिळतं.

उसना आलेला धंदा कसा मुरतो हे पाहायला कोल्हापूरकराला लांब जायला नको. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार-पाणी करणारे शिकलगार तंबोरे करू लागले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. त्यांनी हत्यारांवरचा हात वाद्याकडे आणला तो भोपळा, लाकूड आणि जवारी यांचे नियम शिकून. कुणी म्हणेल, तंबोऱ्याच्या जवारीशी चार आण्याच्या नटाची तुलना कसली? तुलना मोलाची नाही, पद्धतीची आहे: बाहेरून आलेलं कसब किंवा सुटा भाग वाद्याला मानवायचा तर एकाला तरी आपला आकार बदलावा लागतो.

उरला शेवटचा आक्षेप, की आता वायरलेस आलं, जॅकची कटकट संपली. वायर गेली हे खरं. पण गिटारला लावायचा छोटा ट्रान्समीटर बहुधा त्याच पाव इंची भोकात खुपसतात, आणि मग बॅटरीसकट त्याचं सगळं वजन त्याच नटावर लोंबतं.