महाराष्ट्रातील मूलपेशी संशोधन

मूलपेशी (स्टेम सेल) म्हणजे स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करण्याची, तसेच रक्तपेशी, स्नायुपेशी, चेतापेशी अशा विशिष्ट पेशींत रूपांतरित होण्याची क्षमता असलेली पेशी होय. महाराष्ट्रात मूलपेशींवरील संशोधन प्रामुख्याने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाले आहे. मानवी भ्रूणाचा वापर आणि सिद्ध न झालेल्या उपचारांची विक्री हे या क्षेत्रातील दोन प्रमुख नैतिक प्रश्न आहेत.

प्रस्थापित उपयोग

अस्थिमज्जेतील रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हा मूलपेशींचा सर्वांत जुना व सिद्ध उपयोग आहे. यात औषधांनी रुग्णाची सदोष अस्थिमज्जा नष्ट करून जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी शिरेवाटे देतात. त्या अस्थिमज्जेत स्थिरावून नवे रक्त तयार करू लागतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग व थॅलेसेमिया यांवर ही पद्धत वापरली जाते.

भ्रूणीय मूलपेशी

मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करण्यात अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांना १९९८ मध्ये यश आले. या पेशींपासून शरीरातील जवळपास कोणतीही पेशी बनू शकते. मात्र त्या मिळवताना काही दिवसांचे भ्रूण नष्ट होते. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने आधीच तयार असलेल्या भ्रूणीय पेशीवंशांपुरताच सरकारी निधी मर्यादित केला. त्या वेळी जाहीर झालेल्या जगातील दहा संस्थांच्या यादीत रिलायन्स लाइफ सायन्सेस व बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र या दोन भारतीय संस्था होत्या.

मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत 'किंड-१' व 'किंड-२' हे मानवी भ्रूणीय पेशीवंश तयार करण्यात आले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात रक्तमूलपेशींवर संशोधन झाले आहे.

जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे रूप देण्याची पद्धत २००६ मध्ये उंदरांच्या व २००७ मध्ये मानवी पेशींवर सिद्ध केली. तिच्यामुळे भ्रूणावरील अवलंबित्व कमी झाले, तरी अशा पेशींपासून गाठी होण्याचा धोका हा अभ्यासाचा विषय आहे.

नियमन

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ व २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. २०१३ पासून त्यांच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द वगळण्यात आला. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवण्यास आणि मानवी प्रतिरूप निर्माण करण्यास मनाई आहे. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येते. त्यानंतर ते नष्ट करावे लागते किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनासाठी देता येते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी मूलपेशीजन्य उत्पादनांना 'नवीन औषध' ठरवले आहे.

उपचारांचे दावे

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायुक्षय, मज्जारज्जूची इजा अशा विकारांवर मूलपेशी उपचारांच्या जाहिराती केल्या जातात. मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तमूलपेशी प्रत्यारोपणाच्या मान्य उपयोगांखेरीज मूलपेशींचा इतर वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. अशा चाचणीची भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत नोंद असणे आवश्यक असते, तर चाचणीतील उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अनैतिक मानले जाते. त्यामुळे 'प्रायोगिक' म्हणून सांगितलेल्या उपचाराचे मोठे शुल्क मागितले जाणे हीच सावधगिरीची खूण ठरते.

जालन्यासारख्या जिल्ह्यांतून विशेष उपचारांसाठी मोठ्या शहरांत जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत माहितीपूर्ण संमतीला विशेष महत्त्व आहे. संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असणे, धोके व पर्याय स्पष्ट सांगणे आणि नकार देण्याची मोकळीक असणे ही तिची अंगे होत. उपचार नसलेल्या विकारात आशेपोटी दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा मानावा, हा या क्षेत्रातील अनिर्णित प्रश्न आहे.