धातूच्या अंतरंगातील हायड्रोजन : एक संज्ञा आणि तिचा इतिहास

वायूची साठवण म्हटली की भांडे आणि त्यात कोंडलेला पदार्थ अशा दोन भिन्न वस्तू डोळ्यांपुढे येतात. मिश्रधातूत साठविलेल्या हायड्रोजनच्या बाबतीत हा भेद टिकत नाही. तेथे भांडेच साठ्याचा घटक बनते. टॉमस ग्रॅहम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाला ही गोष्ट सांगण्यासाठी नव्या संज्ञा योजाव्या लागल्या. ह्या विषयाचा इतिहास म्हणूनच काही अंशी शब्दांचाही इतिहास होय.

पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन सामावून घेतो, असे ग्रॅहमने १८६६ मध्ये दाखविले. ह्या क्रियेस त्याने ‘ऑक्ल्यूजन’, म्हणजे आत कोंडून घेणे, असे नाव दिले. हायड्रोजन शोषल्यावरही पॅलेडियमची धातुसदृश चमक व विद्युद्वाहकता बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यावरून हायड्रोजन हा एका बाष्परूप धातूचाच प्रकार असावा, असे अनुमान त्याने बांधले आणि त्या धातूस ‘हायड्रोजेनियम’ म्हटले. ग्रॅहम त्या वेळी लंडनच्या शाही टांकसाळीचा प्रमुख होता. १८६९ मध्ये ह्या ‘मिश्रधातू’ची लहान पदकेही पाडण्यात आली. त्याच वर्षी तो निवर्तला. पुढे ते नाव मागे पडले. परंतु धातू आणि हायड्रोजन ह्यांचा संबंध भांडे आणि वायू असा नसून त्याहून निकटचा आहे, ही त्यामागील दृष्टी टिकली.

वस्तुतः हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर दुभंगतो व त्याचे सुटे अणू धातूच्या अणूंमधील पोकळ्यांत शिरतात. दाबाचे कार्य येथे स्पष्ट होते. १८९५ मध्ये होइत्सेमा ह्याने पॅलेडियमसंबंधी केलेल्या मापनांतून असे दिसले की, ठराविक तापमानास दाब एका मर्यादेपर्यंत वाढला की पुढे तो जवळजवळ स्थिर राहतो आणि धातू मात्र हायड्रोजन घेतच राहतो. दाब त्या मर्यादेखाली आणला की तो परत मिळतो. ही मर्यादा धातूगणिक निराळी असते.

पॅलेडियम महाग असल्याने स्वस्त मिश्रधातूंचा शोध आवश्यक होता. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रायली व विस्वॉल ह्यांनी १९६८ मध्ये मॅग्नेशियम-निकेल आणि १९७४ मध्ये लोह-टायटॅनियम ह्या जोड्यांचे गुणधर्म प्रसिद्ध केले. दरम्यान हॉलंडमधील फिलिप्स प्रयोगशाळेत चुंबकीय मिश्रधातूंचा अभ्यास चालू असताना त्यांचे हायड्रोजनशोषण लक्षात आले. त्यातून १९७० मध्ये लँथॅनम-निकेलचे संशोधन पुढे आले. हा मिश्रधातू खोलीच्या तापमानास अवघ्या काही वातावरणांच्या दाबाखाली हायड्रोजन घेतो व सोडतो. त्याचे आकारमान सुमारे एक चतुर्थांशाने फुगते आणि वारंवार भरल्याने त्याचे चूर्ण होते.

अडचण वजनाची आहे. लँथॅनम-निकेलमध्ये हायड्रोजनचा वाटा वजनाने केवळ सुमारे १.४ टक्के असतो. मॅग्नेशियम-निकेलमध्ये तो ३.६ टक्क्यांपर्यंत जातो, पण तो परत मिळविण्यास सुमारे २५० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक उष्णता लागते. ह्यास्तव मोटारींनी सुमारे ७०० वातावरणांच्या दाबाच्या टाक्यांचा मार्ग पत्करला. पाणबुडीत मात्र वजन तितके बाधत नाही. २००५ मध्ये सेवेत आलेल्या जर्मन २१२-ए वर्गातील पाणबुड्यांत हायड्रोजन मिश्रधातूतच साठविलेला असतो. जपानमध्ये टायटॅनियम, क्रोमियम व मँगॅनीज ह्यांचे मिश्रधातू सुमारे ३५० वातावरणांच्या टाकीत भरून दोन्ही मार्ग एकत्र आणण्याचे प्रयोगही झाले.

मराठीत पूर्वी रूढ असलेल्या ‘उज्जवायू’ ह्या नावात वायुत्व गृहीत धरलेले आहे. मिश्रधातूच्या अंतरंगात तर हायड्रोजन वायू उरतच नाही. हा फरक केवळ शाब्दिक नव्हे. वायूच्या साठवणीची सीमा भांड्याच्या मजबुतीने ठरते. मिश्रधातूतील साठवणीची सीमा त्यातील पोकळ्यांची संख्या आणि धातूचे वजन ह्यांनी ठरते. ग्रॅहमचे नाव चुकले, पण हायड्रोजनला धातूच्या घटकांत गणण्याची त्याची दिशा योग्य होती. ह्या क्षेत्रातील पुढील शतकभराचे संशोधन त्याच दिशेने चालत आले आहे.