केमोच्या बाटल्यांचा क्रम कोणी ठरवला?

केमोथेरपीच्या दिवशी रुग्णाला एकामागून एक बाटल्या लावल्या जातात. नांदेड किंवा लातूरला लांबच्या खेड्यातून आलेल्या नातेवाइकांना परतीची एसटी गाठायची असते. मग विनंती होते, "सिस्टर, छोटी बाटली आधी लावून टाका ना!" सिस्टर नाही म्हणतात. हा त्यांचा हट्ट नाही. त्या क्रमामागे मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली.

१९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने या बायकांचे रक्त सुधारते, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

नवीन पेशी तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागते. मग कॅन्सरच्या पेशींना ते मिळूच दिले नाही तर? आंध्रात जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधे तयार केली. त्यांतले एक औषध डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना दिले. १० मुलांमध्ये सुधारणा दिसली, पण ती तात्पुरती होती. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आपण आजही वापरतो.

मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस चांगल्या पेशींनाही मारतो. त्यांना वाचवण्यासाठी ल्युकोव्होरिन हे फॉलिक ॲसिडचेच एक रूप देतात, पण साधारण २४ तासांनंतर. ते आधीच दिले, तर कॅन्सरच्या पेशीही वाचतील आणि केमो वाया जाईल. उशीर झाला, तर रुग्णाच्या जिवाला धोका.

आता गंमत पाहा. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हेच ल्युकोव्होरिन ५-एफयू या औषधाच्या आधी देतात. इथे ते कॅन्सरच्या पेशीत ५-एफयूची पकड घट्ट करते. म्हणजे औषध एकच, पण एका ठिकाणी नंतर आणि दुसऱ्या ठिकाणी आधी!

पॅक्लिटॅक्सेल आणि सिस्प्लॅटिन या जोडीचेही असेच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी ही औषधे दोन्ही क्रमांनी देऊन पाहिली. सिस्प्लॅटिन आधी दिले, तेव्हा पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर पडायला जास्त वेळ लागला आणि पांढऱ्या पेशी जास्त घटल्या. म्हणून आज पॅक्लिटॅक्सेल आधी आणि सिस्प्लॅटिन नंतर देतात. या दोन्हींच्या आधी उलटीचे आणि ॲलर्जीचे इंजेक्शन असते. ते 'साधे' म्हणून मागे ढकलता येत नाही.

मग तुम्ही काय करायचे?

१. बाटल्यांचा क्रम बदलायला सांगू नका. केमोला किती वेळ लागेल ते आदल्या दिवशीच विचारा आणि गाडीचे नियोजन त्याप्रमाणे करा.

२. बाटली चालू असताना सुई टोचलेल्या जागी आग झाली, सूज आली, अंगाला खाज सुटली किंवा श्वास लागला, तर लगेच सिस्टरांना हाक मारा. "बाटली संपू दे, मग सांगू" असे करू नका.

३. अशक्तपणा आला म्हणून मेडिकलमधून रक्तवाढीच्या गोळ्या परस्पर आणू नका. त्यांत बहुधा फॉलिक ॲसिड असते. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते औषधाचा जोर कमी करू शकते. ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन चालू असेल तर जुलाब आणि तोंडातले फोड वाढवू शकते. मात्र काही केमोंबरोबर डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिड लिहून देतात. ते आपल्या मनाने बंद करू नका.

घरी चालू असलेली प्रत्येक गोळी, मग ती आशाताईंनी दिलेली असो की वैद्यांनी, पुढच्या केमोला येताना पिशवीत घालून आणा आणि डॉक्टरांना दाखवा.