सेकंडहँड फॉर्च्युनर घेताय? आधी कागद, मग चासी, मग किंमत

मोठ्या घराला मोठी गाडी लागते. अब्बा-अम्मी, दोन भावांचे संसार, मुलं, वर ईदला गावी न्यायचं सामान. पाच सीटच्या गाडीत हे बसत नाही. नवी डिझेल फॉर्च्युनर घ्यायची तर टॅक्स, विमा धरून बजेट चाळीस लाखांच्या पुढे जातं. सात-आठ वर्षं वापरलेली मात्र निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळते. म्हणून टोयोटा फॉर्च्युनर, फोर्ड एन्डेव्हर, स्कोडा कोडिअ‍ॅक अशा जुन्या गाड्यांना गिऱ्हाईक भरपूर आहे. कोकणात तर आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ महिनाभरात गाडी बघून, पैसे देऊन परत जातो. अशा घाईत फसायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. गाडीची किंमत निम्मी होते, तिचा खर्च निम्मा होत नाही. वीस लाखांत घेतलेल्या फॉर्च्युनरचे टायर, इंजेक्टर, टर्बो, हेडलाइट हे चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. त्यामुळे परवडते का हा हिशोब विकत घेण्याच्या रकमेवर करू नका. आमचा सल्ला असा, की बजेटचा साधारण दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा आणि उरलेल्या पैशांत बसेल तीच गाडी बघा. हा हिस्सा काढल्यावर गाडी बसत नसेल तर चांगली इनोव्हा घ्या. तिच्यात घर जास्त आरामात बसतं, हेही खरं.

भाव करताना विकणारा सांगतो, "आम्ही एवढ्याला घेतली होती." ते ऐकून घ्या, पण तुलना आजच्या नव्या किमतीशी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा एकूण कर, म्हणजे २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, जाऊन सरळ ४० टक्के झाला आणि नव्या गाड्या लाखांनी स्वस्त झाल्या. त्याआधी गाडी घेतलेल्याने जो जास्तीचा कर भरला, तो आपण का भरायचा?

कोणत्या सालची गाडी?

फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली. पहिल्या पिढीचं तीन लिटरचं डिझेल इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट असतो. साधारण दीड लाख किलोमीटरला तो बदलावा लागतो. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिन उघडण्यावाचून पर्याय नसतो. बदलल्याचं बिल दाखवलं तर ठीक. नुसतं "बदललाय, टेन्शन नको" असं उत्तर आलं तर बदललेला नाही असं समजूनच किंमत लावा.

दुसरी पिढी नोव्हेंबर २०१६ ची. २.८ लिटरच्या या डिझेल इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे. २०२० पासून गाड्या बीएस-६ झाल्या आणि सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आला. २०२१ च्या सुरुवातीला नवा चेहरा आणि जास्त ताकद आली. रोज शाळा-बाजार एवढंच, चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत डीपीएफ नीट साफ होत नाही, तुंबतो. काही लोक वैतागून तो काढूनच टाकतात. हे बेकायदा आहे आणि पीयूसीला, सर्व्हिसला नंतर त्रास देतं. ओळखायचं सोपं आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट फारसं काळं होत नाही. दाट काजळी लागली तर सरळ विचारा. तुमचं चालणंही गावातल्या गावातच असेल तर डिझेलचा हट्ट कशाला, २.७ लिटर पेट्रोलही मिळते. पेट्रोल जास्त पिते, पण कटकट कमी.

एन्डेव्हर चालवायला काही जणांना फॉर्च्युनरपेक्षा जास्त आवडते आणि त्याच सालची बऱ्याचदा स्वस्तही पडते. स्वस्ताईचं कारण उघड आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. घेण्याआधी आपल्या जिल्ह्यात तिचं काम करणारं केंद्र आहे का, बॉडीचे आणि इलेक्ट्रॉनिक पार्ट किती दिवसांत येतात, ते फोन करून विचारा. गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली तर स्वस्ताईचा काय उपयोग?

कागद: इथेच बहुतेक सौदे अडकतात

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहनवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत, ब्लॅकलिस्टचा शेरा, हे सगळं समोर येतं. विकणाऱ्याने सांगितलेलं आणि इथलं जुळत नसेल तर पेट्रोल जाळून तिकडे जाऊच नका. ई-चलन वेगळं तपासा. मोठ्या गाड्यांवर वेगाची चलनं साठलेली असतात आणि ती भरल्याशिवाय पुढचं काम अडतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का, हेही बघा.

कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. फिटलं नसेल तर पैसे विकणाऱ्याच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. उरलेले त्याला.

आता परराज्यातली गाडी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे नियमांत बदल होत राहिले, पण तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येत राहिल्या आहेत. गाडी वाईट असतेच असं नाही. पण फॉर्म २८ ची एनओसी हातात नसेल आणि तिकडची नोंदणी रद्द झालेली असेल, तर तुम्ही लोखंड विकत घेताय. एनओसी असली तरी राज्य बदलून बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की इथली नोंदणी घ्यावी लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला हा दर १५ टक्क्यांचा आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी आकडा दचकवणारा असू शकतो. आधीच्या राज्यातला परतावा मागता येतो, पण त्याच्या भरवशावर सौदा करू नये. आरटीओकडून कराचा आकडा काढून घ्या, तो किमतीत मिळवा आणि मग इथल्या पासिंगच्या गाडीशी तुलना करा. बऱ्याचदा फरक उरतच नाही.

आपल्याकडे आणखी दोन गुंते वारंवार दिसतात. मालक कुवेत-दुबईला, गाडी चिपळूणला, विकणारा मेहुणा. अशा वेळी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला, त्याचं कुलमुखत्यारपत्र बघा आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते विचारा. ओटीपी त्याच नंबरवर येतो. दुसरं म्हणजे, मालक वारलेले असतात आणि एक मुलगा गाडी विकायला काढतो. गाडी आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर व्हायला हवी आणि बाकी वारसांची लेखी संमती हवी. बहिणींचा आणि आईचा हिस्सा जसा जमिनीत असतो तसा गाडीतही असतो. त्यांच्या सह्या नसतील तर थांबा. नंतर वाद उठला तर गाडी तुमच्या दारात उभी असेल आणि भांडण दुसऱ्याच्या घरचं.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात. "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम असेल तर कारण विचारा. थंड इंजिनच खरं बोलतं. पहिल्या सेल्फला सुरू होते का, सुरू होताना खडखड किती वेळ राहते, धूर कसा आहे, ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटचा संशय घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते नाचून उडायला लागलं किंवा खालून भकाभक वाफ आली तर पिस्टन-रिंग झिजल्या आहेत.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागे घेणं सोपं झालंय. त्यापेक्षा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नंबरवर जुनी हिस्ट्री मालकाकडून मागवा. ८० हजार दाखवणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेक पेडलचं रबर घासलेलं, ड्रायव्हरची सीट बसलेली असेल तर ती ८० हजारांची नाही. टायरवर चार आकडी तारीख असते. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांवरचे टायर बदलायचेच आहेत असं धरा.

पुरात बुडालेल्या गाडीचं भूत सगळ्यात वाईट. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात आणि दोन पावसाळ्यांनी त्यांच्या वायरिंगचं दुखणं सुरू होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीटच्या खालचे स्क्रू, रेल गंजलेत का? कार्पेटखालचा फोम ओलसर किंवा चिखलाच्या वासाचा आहे का? आत कडक अत्तर किंवा परफ्यूम मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा, खालचा वास वर येतो. विम्याच्या जुन्या क्लेमची माहितीही मागा. टोटल लॉसचा क्लेम झालेला असेल तर विषय संपला.

यानंतर लिफ्ट. फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर लॅडर चासीच्या गाड्या आहेत, म्हणजे सगळा भार खालच्या लोखंडी सांगाड्यावर. वरून डेंटिंग-पेंटिंग कितीही चकाचक असो, चासीवर वेल्डिंगचा नवा जोड, वाकलेली बाजू किंवा ताजा काळा रंग फासलेला दिसला तर सौदा सोडा. समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या गाडीत गंज बघा. पापुद्रे सुटत असतील तर तो वरवरचा नाही. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. फोर बाय फोर असेल तर मोकळ्या मातीच्या जागेत 'फोर एच' आणि 'फोर एल' दोन्ही लावून बघा. कित्येक मालकांनी ते कधीच लावलेलं नसतं आणि बिघडलेलं त्यांनाही माहीत नसतं. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. त्याला हजार-दोन हजार जास्त गेले तरी हरकत नाही.

चालवताना घरातलं एखादं मोठं माणूस मागच्या सीटवर बसवा. तिसऱ्या रांगेत अम्मींचे गुडघे दुखतात, हे गाडी घरी आल्यावर कळून उपयोग नाही. मागचा एसी तिथूनच कळतो.

पैसे देताना

टोकन कमी द्या आणि "कागद क्लिअर न झाल्यास परत" असं लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, कोऱ्या फॉर्मवर नाही. नाव बदलायला घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. "करू सावकाश" म्हणणारा विकणारा स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाचा असतो. बोनसचा फरक भरला नाही तर क्लेमच्या वेळी अडचण येते. जुना फास्टॅग त्याला बंद करायला सांगा, आपला नवा लावा. दोन्ही चाव्या घ्या. हरवलेली चावी नवी करणं महाग आहे आणि ती कोणाच्या हातात आहे हेही कळत नाही. ताबा घेताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या दुपारचं चलन कोणाचं यावर नंतर फोनाफोनी होत नाही.