दिवा बदलला, होल्डर राहिला

तुमचे घर पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेले असेल, तर जरा मान वर करून छताकडे बघा. एक लाकडी गोल ठोकळा, त्यावर सिलिंग रोझ, त्यातून लोंबणारी पिळाची वायर आणि वायरच्या टोकाला होल्डर. दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढले की फर्मान निघते, "हे जुनाट लोंबणे आता काढा!" मग प्रश्न उभा राहतो की स्टुलावर आपण चढायचे, की वायरमनला बोलवायचे? या प्रश्नालाही इतिहास आहे बरे का, आणि तो मोठा गमतीचा आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलँडमध्ये क्रॅगसाइड नावाचा वाडा आहे. त्याचा धनी विल्यम आर्मस्ट्राँग, तोफांचा कारखानदार. जोसेफ स्वानचे विजेचे दिवे त्याने १८८० साली आपल्या वाड्यात लावले. वीज आवारातल्याच पाण्याच्या जोरावर तयार होई. तेव्हा भिंतीवर बटणे कुठली असणार? ग्रंथालयातले काही दिवे तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवले होते, आणि बैठकीतल्या पाऱ्यामधून प्रवाह जोडला जाई. दिवा मालवायचा म्हणजे फुलदाणी उचलायची, लावायचा म्हणजे पुन्हा जागेवर ठेवायची. आज ऐकून अंगावर काटा येतो!

स्वानच्या त्या पहिल्या दिव्यांना आजच्यासारखे टोपणही नव्हते. काचेबाहेर तारेचे दोन फासे येत, ते स्प्रिंगच्या आकड्यांना अडकवायचे. एडिसनने आपल्या दिव्याला मळसूत्र दिले, फिरवत फिरवत बसवायचे. इंग्रजांकडे मात्र दुसरी रीत रूढ झाली. बंदुकीला संगीन बसवतात तशी ती आहे: दाबा, थोडे फिरवा, सोडा. आपल्याकडे वीज इंग्रजांच्या अमदानीत आली, म्हणून आपल्या घरांत संगिनीची रीत आली. टोपणाचा व्यास २२ मिलिमीटर, बाजूला दोन खुंट्या. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात वीज चमकली, १९०७ साली विजेवरची ट्राम धावली. त्यानंतर वीज हळूहळू चाळींत आणि वाड्यांत शिरली. खेड्यापाड्यांत कंदील आणि चिमणी यांचे राज्य पुढे कितीतरी वर्षे चालू होते, हेही विसरू नका.

आता गंमत बघा. कार्बनच्या तंतूचा दिवा गेला, टंगस्टनचा आला. १९१३ च्या सुमारास त्या गोळ्यात वायू भरू लागले. पुढे सीएफएल आला आणि गेला, मग एलईडी आला. हे सारे त्याच दोन खुंट्यांवर बसले! २०१५ साली सरकारने 'उजाला' योजना काढली आणि ९ वॉटचे एलईडी घरोघर पोचले. साठ वॉटच्या जुन्या गोळ्याचे काम त्यांनी केले, कारण जुना गोळा नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच घालवीत असे. कोट्यवधी घरांत हा पालट झाला आणि त्यासाठी वायरमनची गरज पडली नाही. होल्डर तोच होता ना!

पण होल्डरच बदलायचा असेल तर? इथे कायदा येतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ क्रमांकाचा नियम होता. घरातले विजेचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावे, असे तो सांगे. पण त्यातच एक अपवाद होता. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि फिटिंग यांची अदलाबदल, जोवर जोडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटत नाही तोवर, या सक्तीतून मोकळी होती. २०१० साली नवे विनियम आले, त्यांतही हा अपवाद टिकला. मला हा नियम फार शहाणा वाटतो. जुन्याच्या जागी नवा होल्डर बसवा, खुशाल बसवा. नवा पॉइंट काढायचा किंवा वायर वाढवायची म्हटली, की परवानावाला माणूस हवा.

मात्र नुसते बटण बंद करून होल्डरला हात लावू नका. जुन्या घरांत कित्येकदा बटण फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलवर असते. अशा वेळी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज खेळतच असते. म्हणून मेन स्विच पाडायचा, वर टेस्टर लावून खात्री करायची आणि मगच स्क्रू सोडायचा. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहा. लोखंडी शिडी नको.

ठोकळा उघडलात आणि आतल्या तारेवर कापडाचे वेष्टण व त्याखाली काळे रबर दिसले, तर तिथेच थांबा. ते रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि बोट लागताच भुग्यासारखे गळते. अशी तार वाकवून नव्या होल्डरमध्ये घालणे म्हणजे संकटाला पाट मांडणे. तिथे दिवा बदलून भागणार नाही, सारी वायरिंगच बदलायला हवी.

आणखी एक. आजोबांच्या वेळचा जड पितळी होल्डर घासला की सोन्यासारखा लखलखतो. पण जुन्या दोन तारांच्या जोडणीत अर्थिंगची तार नसते. आत तार सुटली तर ते पितळच वीज घेऊन बसते. तो होल्डर कपाटात शोभेला ठेवा, छताला बेकलाइटचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा लावा.

ट्यूबलाइटची कथा निराळी. अमेरिकेत ती १९३८ साली बाजारात आली. तिच्या पट्टीत चोक आणि स्टार्टर हे दोन सोबती. स्टार्टर क्षणभर मंडल जोडून तोडतो, त्या धक्क्याने चोक मोठा दाब देतो आणि ट्यूब पेटते. चाळीस वॉटच्या ट्यूबबरोबर चोक स्वतःही दहा-बारा वॉट खाई. आता तिथे वीस वॉटची एलईडी पट्टी बसते. मात्र जुन्याच पट्टीत एलईडी नळी घालायची असेल, तर चोक ठेवायचा की काढायचा हे खोक्यावरच्या आकृतीत बघा. प्रत्येक जातीची रीत वेगळी असते. जुनी ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

या नव्या एलईडी पट्ट्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांत दिवा आणि फिटिंग एकजीव असते. आतला इवलासा भाग बिघडला, की सबंध पट्टी भंगारात. पूर्वी स्टार्टर बदलला की काम भागे, आणि ते घरातला दहा वर्षांचा मुलगाही बघून शिके. म्हणून जिथे जमेल तिथे मी होल्डर आणि सुटा दिवाच पसंत करीन. छतावरच्या त्या लाकडी ठोकळ्याला वाळवी लागलेली नसेल, तर तो उखडू नका. नव्या बॅटन होल्डरचे स्क्रू त्यातच घट्ट बसतात, आणि रंगाऱ्याने नुकत्याच रंगवलेल्या छताला भोक पाडावे लागत नाही.